पासपोर्टकाकांची परसातली गिऱ्हाइकं

माझा नवरा फोटोत कुणाला हसू देत नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं रे बसलं की ह्यांचं सुरू होतं, "पाठ ताठ. हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका. हलू नका." चौतीस वर्षं हेच. आमचा स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि एक आरसा. आरशात लोक भांग पाडतात आणि हे त्यांना सांगतात, "भांग राहू द्या, कान बघा." पासपोर्ट, बसचा पास, नोकरीचा अर्ज, जिथे म्हणून माणसाचा चेहरा चिकटवावा लागतो तिथे आमचा फोटो. गल्लीत ह्यांना सगळे पासपोर्टकाका म्हणतात. स्वतःचा पासपोर्ट ह्यांच्याकडे नाही, ते सोडा.

मी रिटचिंग करते. खिडकीशी माझं टेबल, त्यावर काचेचा तिरका फळा, भिंग, टोकदार पेन्सिली आणि अगदी बारीक ब्रश. निगेटिव्हवरचे लोकांचे डाग, फोड, सुरकुत्या मी नाहीसे करते. गल्लीतली निम्मी माणसं माझ्यामुळे दहा वर्षांनी तरुण आहेत, आणि एकाने म्हणून कधी आभार मानले नाहीत. मुळात मीही गिऱ्हाईकच होते. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आले, तर "नीट नाही आला" म्हणून ह्यांनी मला तीनदा परत बोलावलं. तिसऱ्यांदा कळलं की पहिलाच नीट आला होता. नोकरी काही मिळाली नाही, हे मिळाले.

लग्नानंतर ह्यांनी माझे किती फोटो काढले असतील याची गणती नाही. सगळे पासपोर्टचे. दिवा नवा आणला की मी, फिल्म बदलली की मी. प्रत्येकात मी कुणाचा तरी खून करून पकडली गेल्यासारखी बघते आहे. आम्हाला नात होईपर्यंत त्याने काही अडलं नाही. नातीमुळे अडलं, ते पुढे सांगते. आधी खार.

झालं असं, की एका रोलवर बारा फोटो निघतात आणि पासपोर्टवाल्याला लागतो एक. बाकीचे अकरा संपेपर्यंत थांबायचं म्हटलं तर गिऱ्हाईक दारातून हलत नाही. "काका, आजच पाहिजे हो, उद्या शेवटची तारीख आहे." उन्हाळ्यात भर दुपारी असाच एक घाईवाला आला. रोलवर तीन फोटो उरले होते. काहीतरी काढून रोल संपवावा म्हणून हे कॅमेरा घेऊन मागच्या दाराने परसात गेले. दोरीवर मी पांढरी चादर वाळत घातली होती. चादरीपुढे उपडी बादली. बादलीवर खार.

खार समोर बघत होती. पाठ ताठ, हनुवटी खाली, मागे पांढरं, दोन्ही कान स्वच्छ. आणि हसत नव्हती. हे मला सांगताना ह्यांचा आवाज अक्षरशः भरून आला होता. "अगं, न सांगता! चौतीस वर्षांत न सांगता असं बसलेलं हे पहिलं गिऱ्हाईक!"

पासपोर्टचे फोटो एका पानावर आठ छापतात, म्हणून खारीचेही आठ छापले. कापले, पाकिटात घातले आणि पाकिटावर लिहिलं, "खार. परस. तातडीचे." तातडी कुणाला होती देव जाणे. एक फोटो पुढच्या काचेच्या कपाटात लागला, एका वकिलाच्या आणि एका नर्सच्या मधोमध. खरं सांगायचं तर तिघांत खारच जबाबदार वाटत होती.

झालं, वेडच लागलं. बादली कायमची उपडी, चादर कायमची दोरीवर. त्या उन्हाळ्यात आमच्या गादीला चादर म्हणून नव्हती. बादलीवर पावाचा चुरा, शेजारी थाळीत पाणी. चिमण्या यायच्या त्या सगळ्या एकदम, मग हे वैतागायचे, "एकेक या हो, ग्रुप फोटो नाही हा!" सरडा यायचा, पण तो सारखी मान वरखाली करणार. हे म्हणायचे, "हलू नका," तो मान डोलावून हो म्हणायचा आणि परत हलायचा. कावळा तर एका डोळ्याने बघणार, तोंड बाजूला करून.

"एक कान दिसत नाहीये," हे म्हणाले.

"अहो, कावळा आहे तो. त्याला एकही दिसत नाही."

"आहेत त्याला कान. पिसांखाली आहेत. केस मागे घ्यायला हवेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खोटं कशाला बोलू, थाळीत पाणी मीच भरत होते. आणि सकाळी खार यायला उशीर झाला तर मीच आधी दार उघडून बघत होते.

पावसाळ्यात चादर वाळेना, मग ह्यांनी पुढच्या खोलीतला पडदा काढून मागच्या पडवीत लावला. आणि तिथे ह्यांना आयुष्यातलं सर्वोत्तम गिऱ्हाईक भेटलं. भला मोठा बेडूक. पायरीवर येऊन बसायचा तो बसायचा. पापणीसुद्धा हलवायचा नाही. "बघ, बघ," हे मला म्हणाले, "याला म्हणतात बैठक. शीक जरा." जणू मीच आयुष्यभर हलत होते.

आता इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती मी कबूल करते. निगेटिव्हवर माणूस उलटा दिसतो, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. त्यातून पावसाळी अंधार, आणि हातात घाईचं काम. भिंगातून एक चेहरा बघितला आणि जीव कळवळला. बिचाऱ्याच्या तोंडावर इतके फोड! मी म्हटलं, मेला कुठेतरी नोकरीचा अर्ज करत असेल, याला असा पाठवायचा नाही. दीड तास बसले. एकेक फोड काढला. गळ्याखालची लोंबती कातडी ओढून बसवली. ओठ जरा जास्तच रुंद वाटले, ते दोन्हीकडून कमी केले. प्रिंट निघाली तेव्हा हे डार्करूममधून ओरडत बाहेर आले.

"काय केलंस हे! बेडकाची ओळखच पुसून टाकलीस! उद्या हा कुठे गेला तर याला कोण ओळखणार?"

"कुठे जाणार आहे तो, परदेशी?"

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलावंच लागलं, कारण हेडमास्तर आले. त्याच रोलवर त्यांचाही फोटो होता आणि भांडणाच्या गडबडीत पाकिटांची अदलाबदल झाली होती. हेडमास्तरांनी पाकीट टेबलावर आपटलं. त्यातून आठ गुळगुळीत बेडूक बाहेर पडले.

"हा मी नाही," हेडमास्तर म्हणाले.

"नाही नाही, सर, चूक झाली," हे म्हणाले.

"चुकीचं राहू द्या. घरी बायकोने बघितला आणि म्हणाली, या वेळी बरा आलाय."

मी भाजी करपतेय असं सांगून आत पळाले. चुलीवर काहीही नव्हतं. भिंतीला टेकून पोट धरून हसले. आत कॅमेरा नव्हता, हे लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात मुलीचं पत्र आलं. आमची एकुलती एक मुलगी आगगाडीने दोन दिवसांच्या अंतरावर राहते. नात झाली तेव्हा मी बाळंतपणाला गेले होते, त्यानंतर भेट नाही. नात आता तीन वर्षांची. थंडी सरता सरता दोघी येणार, चांगल्या महिनाभर राहणार, असं लिहिलं होतं. मी पत्र वाचता वाचता नाचायचीच बाकी होते. मग शेवटच्या चार ओळी आल्या. "आई, एक सांगू का, रागावू नकोस. तुझा फोटो भिंतीवर लावलाय तो बघून ती रडते. संध्याकाळी त्या खोलीत जात नाही. आजी येणार म्हटलं की पलंगाखाली लपते. तुझा एखादा हसरा फोटो पाठव ना. म्हणजे सवय होईल."

मी सगळी कपाटं उपसली. पाकिटंच्या पाकिटं. एकातही मी हसत नव्हते. मला रडूच आलं. मी टेबलाशी बसून रडले आणि मग उठून ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. "लोकांच्या खारी गोजिऱ्या काढल्यात, आणि स्वतःच्या बायकोला राक्षसीण करून ठेवलंत! माझी नात मला घाबरते!"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. लगेच दिवे लावले, मला स्टुलावर बसवलं. "हं, हस."

हस म्हटल्यावर कुणाला हसू येतं? आणि त्या काचेच्या डोळ्यासमोर तर माझी पाठ आपोआप ताठ होते, हनुवटी आपोआप खाली जाते. मी कसेबसे दात दाखवले. तेवढ्यात हेच थबकले. कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि पडेल आवाजात म्हणाले, "बोट चालत नाही गं. समोर दात दिसले की बोटच अडतं." शेवटी डोळे मिटून एकदाचं दाबलं. फोटोत मी दाढ दुखत असताना कुणालातरी धमकी देते आहे असं दिसत होतं. तरी तोच पाठवला. मुलीचं उत्तर आलं, नात आता पलंगाखालून बाहेरच येत नाही.

थंडी पडली. दुपारचं ऊन हवंहवंसं झालं आणि परसात मुंगूस दिसायला लागलं. धुण्याच्या दगडाखालच्या बिळातून निघायचं, भिंतीकडेने सुळकन जायचं, परत यायचं. ह्यांना मुंगसाचा समोरून फोटो हवा होता. परसातल्या सगळ्यांची पाकिटं झाली होती, एवढं एकच राहिलं होतं. पण मुंगूस कधी समोर बघेल तर शपथ. महिनाभर हे थंडगार फरशीवर पालथे पडून राहिले. खोकला झाला, पाठ धरली, मुंगूस काही मिळालं नाही.

मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. इकडे मी एकेक दिवस मोजत होते. मुलीने तिकीट काढलं होतं, पाच आठवडे राहिले होते, आणि मला रोज एकच चित्र दिसायचं. नात गाडीतून उतरते आहे, मला बघते आहे आणि किंचाळते आहे.

एक दिवस हे म्हणाले, "एवढी एकदा मदत कर. चादर वाऱ्याने हलते, म्हणून ते बिचकतं. तू दगडावर बस आणि पुढ्यात चादर धरून ठेव. मी पुढे अंडं ठेवतो. ते अंड्याशी येईल, मागे पांढरं, समोर मी."

"आणि मी?"

"तू वर राहशील. मोठा करताना कापून टाकू, नेहमीसारखं."

बायकोला कापून टाकायची गोष्ट कुठल्या नवऱ्याने इतक्या प्रेमाने सांगितली नसेल. बसले मी. गळ्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, वर माझं डोकं. समोर हे पालथे, मफलर गुंडाळून, कोपर फरशीवर, डोळा कॅमेऱ्याला. मध्ये अंडं. पंधरा मिनिटं गेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. आणि मुंगूस आलं.

कुठून आलं कळलं नाही. अंड्याशी थांबलं, पुढचे पाय उचलून उभं राहिलं आणि थेट ह्यांच्याकडे बघायला लागलं. मला वरून त्याचे दोन कान दिसत होते. मी श्वास रोखला. ह्यांनीही रोखला असेल. आता फक्त बोट दाबायचं होतं. दाबायचं सोडून माझा नवरा काय म्हणाला असेल? चौतीस वर्षांची सवय. अत्यंत अदबीने म्हणाला, "हनुवटी थोडी खाली, साहेब. हलू नका."

माझा बांध फुटला. साहेब! मी इतक्या जोरात हसले की मुंगूस ताडकन उडालं. उडालं ते बिळाकडे, म्हणजे माझ्याचकडे. चादरीखाली शिरलं, माझ्या पायांवरून गेलं, मी दोन्ही पाय वर घेतले, किंचाळले आणि हसले, दोन्ही एकदम. समोर खटकन आवाज झाला.

"गेलं!" हे फरशीवर डोकं ठेवून म्हणाले. "बोट दाबलं आणि गेलं. तुला काय तेव्हाच हसायचं होतं?"

"तुम्हाला काय तेव्हाच बोलायचं होतं?"

अंडं मात्र जागेवर होतं. आम्ही ते संध्याकाळी उकडून अर्धं अर्धं खाल्लं आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोल धुतला. हे निगेटिव्ह बघायलाही तयार नव्हते, पण "न जाणो, थोडं नाक आलं असेल" म्हणून प्रिंट काढायला बसले. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली आम्ही दोघं ट्रेवर वाकलो. कागदावर आधी काळं तेवढं उमटतं. मधोमध एक काळं भोक आलं.

"बीळ आलं," हे म्हणाले.

मग त्या बिळात दात आले.

"बाप रे, मुंगसाला एवढे दात?"

मग वर नाक आलं, मिटलेले डोळे आले, मागे फेकलेली मान आली, मोकळे झालेले केस आले. ती मी होते. पडलेल्या दाढेची जागासुद्धा दिसत होती. चादरीवर डोकं ठेवून कुणीतरी हसत सुटलं होतं आणि ती मी होते. हे ट्रेवरून मान वर करेनात. मला वाटलं, मुंगूस गेल्याचं दुःख झालं असेल.

"एकही नियम पाळलेला नाही," शेवटी हे म्हणाले. "डोळे बंद. तोंड उघडं. मान वाकडी. एक कान गायब. हा फोटो कुठलंच ऑफिस घेणार नाही."

आणि त्यांनी आठ कॉप्या काढल्या.

प्रिंट वाळल्यावर मी सवयीने टेबलाशी घेऊन बसले. डोळ्यांच्या कडेला केवढ्या सुरकुत्या! कपाळावर तीन आडव्या, गळ्यावर दोन. ब्रश भिजवला. पण आधी खालचा डाग काढावा म्हटलं. चादरीच्या खालच्या कडेला एक लांबट करडा डाग पडला होता. ब्रश टेकवणार तोच हे मागून ओरडले, "थांब! डाग नाही, शेपूट आहे ते!"

खरंच शेपूट होतं. मुंगूस चादरीखाली गेलं होतं आणि शेपूट तेवढं बाहेर राहिलं होतं. ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. लगेच एक कॉपी पाकिटात गेली आणि पाकिटावर लिहिलं, "मुंगूस. मागून."

मी ब्रश हातात धरून त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिले. सुरकुत्या काढल्या असत्या तर हसूच निघून गेलं असतं, ते सगळं त्यांच्यातच होतं. इतकी वर्षं मी लोकांचं काय काय पुसून टाकलं असेल, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. मग ब्रश धुऊन ठेवला. मला ती बाई आवडली. फोटो तसाच पोस्टात टाकला.

मुलीचं पत्र आलं. "फोटो मिळाला. रडली नाही. हातात घेऊनच हिंडते, झोपताना उशीखाली ठेवते. तुला काहीतरी विचारायचंय म्हणते, पण मला सांगत नाही. आजीलाच विचारणार म्हणते."

थंडी सरली. ज्या दिवशी दोघी येणार त्या दिवशी मी पहाटेपासून आरशासमोर हसायची प्रॅक्टिस करत होते. हे म्हणाले, "करू नकोस, परत दाढ दुखल्यासारखं दिसतंय." दार वाजलं, मुलगी आत आली आणि तिच्या मागून, तिचा हात घट्ट धरून, नात. तिच्या दुसऱ्या हातात फोटो होता, कोपरे दुमडलेला.

तिने माझ्याकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. परत माझ्याकडे. माझी पाठ ताठ झाली, हनुवटी खाली गेली, करू काय, सवय. मग तिने आईचा हात सोडला. सरळ चालत आली, माझ्याजवळ न थांबता माझ्या मागे गेली आणि वाकून बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग पुढे येऊन फोटोतल्या चादरीखाली बोट ठेवून विचारलं, "आजी, तुझं शेपूट कुठंय?"

मुलगी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. ह्यांनी कॅमेऱ्याकडे धाव घेतली. मी खाली बसले, नातीच्या उंचीएवढी झाले.

"आज धुतलंय गं," मी म्हटलं. "वाळलं की लावते."

"कुठे वाळत घातलंय?"

"मागे दोरीवर."

तिने माझं बोट धरलं आणि मला ओढत परसात घेऊन गेली.